गुपचूप बंद पडायचं नाही

जयाक्कांनी माझा पहिला पॉवर सप्लाय माझ्या डोळ्यांदेखत बिघडवला आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटरही जाळला, तेव्हा मला त्या कंपनीत लागून महिनासुद्धा झाला नव्हता.

कंपनी छोटी. पुण्याबाहेर, वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत, पत्र्याच्या दोन शेड. आम्ही कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय बनवायचो. कॉम्प्युटरच्या पोटात मागच्या बाजूला पत्र्याचा एक डबा असतो, त्यात पंखा फिरतो, तो. भिंतीतल्या प्लगमधली वीज कॉम्प्युटरला झेपत नाही. हा डबा ती उतरवून बारा व्होल्ट, पाच व्होल्ट अशी बेताबेताने आत सोडतो. मी डिझाइनला होते आणि जयाक्का टेस्टिंगच्या प्रमुख. जयश्री गावडे हे नाव हजेरीपुरतं. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या त्या जयाक्का.

माझा सप्लाय मी मोठ्या कौतुकाने त्यांच्या टेबलावर ठेवला. मीटरचा आकडा बारावर स्थिर, जोडलेला जुना कॉम्प्युटर व्यवस्थित सुरू. मी शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

"चालतोय ना, अक्का?"

"चालतोय ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "बंद कसा पडतो ते दाखव."

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी रबरी मुठीचं कटर उचललं आणि चालू सप्लायमधली एक बारीक वायर कापली. बाहेर किती व्होल्टेज जातंय हे सप्लायला सांगायचं काम त्या वायरचं. ती तुटल्यावर सप्लाय आंधळा झाला आणि जोर लावत सुटला. मीटरचा आकडा वर धावला, 'चट्' असा आवाज आला, कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. मी तोंडावर हात धरून उभी. जयाक्कांनी शांतपणे प्लग काढला आणि खिडकी उघडली.

"हे काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलं? एक वायर तोडली. दोन उन्हाळे झाले की ती आपोआप तुटती. तवा जो कॉम्प्युटर जळंल तो गिऱ्हाइकाचा असंल. त्यात त्याच्या पोरीच्या लग्नाचे फोटो असत्याल."

मी सप्लाय उचलून जागेवर परत आले. मग मी सप्लायमध्ये एक वेगळा पहारेकरी बसवला. व्होल्टेज ठरलेल्या हद्दीच्या वर गेलं की बाकी कुणालाही न विचारता सगळं बंद करणारं छोटं सर्किट. पुढच्या वेळी जयाक्कांनी तीच वायर कापली, तेव्हा 'टक्' झालं आणि पंखा थांबला. कॉम्प्युटर दुसऱ्या सप्लायला जोडला तर जसाच्या तसा सुरू.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग जेवायला चल. काहीच होऊ नये म्हणूनच पगार घेतो आपण."

जयाक्का बुटक्या, अंगाने भरलेल्या, सुती साडीवर निळा एप्रन आणि पायात रबरी सपाता. कुठल्याही धातूच्या वस्तूला त्या आधी हाताची पालथी बाजू लावायच्या. करंट असला तर पालथा हात झटक्याने मागे येतो, तळवा मात्र घट्ट धरून ठेवतो, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. पण त्या लोकांच्या घरच्या फ्रिजला, बसच्या दांड्याला, देवळाच्या कठड्यालासुद्धा आधी पालथाच हात लावायच्या. कुणाच्या घरी गेल्या की भिंतीत नुसता लटकणारा चार्जर उपटून ठेवायच्या आणि मगच पाणी घ्यायच्या. मीटिंगमध्ये वर्तमानपत्रासारखं मराठी बोलायच्या, पण विषय मनाला लागला की वाघोलीच्या बोलीवर यायच्या. त्यांच्या वडिलांची जमीन बिल्डरकडे गेली होती आणि त्याच जागेवरच्या इमारतीत त्यांना फ्लॅट मिळाला होता. लहानपणी तिथे त्यांनी कांदा खुरपला होता. पत्ता विचारला की म्हणायच्या, "आमच्याच कांद्यात ऱ्हातो आता, सातव्या मजल्यावर."

आमचे मालक बापटसाहेब अस्सल पेठेतले. शब्द कमी आणि प्रत्येक शब्दाला धार. एकदा बाहेरगावचे मोठे गिऱ्हाईक येणार होते. त्यांना आमचं संरक्षण प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं. जयाक्कांनी त्यासाठी भंगारातला कॉम्प्युटर न आणता साहेबांच्या केबिनमधला, कंपनीचा सगळा हिशोब ज्यात होता तो, उचलून आणला. पाहुण्यांसमोर सप्लायला जोडला आणि साहेब "अहो" म्हणेपर्यंत वायर कापली. पडदा काळा झाला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. एक पाहुणा खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला. मग जयाक्कांनी सप्लाय बदलला, बटण दाबलं आणि साहेबांच्या पडद्यावरचं गणपतीचं चित्र परत आलं.

पाहुणे गेल्यावर साहेब म्हणाले, "आणि उडाला असता तर?"

"तर मला कळलं असतं की आपण गिऱ्हाइकाला काय विकतोय."

"आणि मला कळलं असतं की टेस्टिंगला माणूस शोधायचाय," साहेब म्हणाले. पण ऑर्डर मिळाली होती.

आणखी एका गोष्टीवर जयाक्का अडून बसायच्या. व्होल्टेज आत जास्त आलं किंवा बाहेर जास्त जायला लागलं, तर सप्लाय बंद झाला पाहिजेच. पण एकदा बंद झाला की तो आपला आपण परत सुरू होता कामा नये. माणसाने येऊन मागचा खटका बंद करून पुन्हा चालू करावा. मी एकदा म्हटलं, "गिऱ्हाइकाला ताप कशाला? वीज नीट झाली की होऊ दे की सुरू."

"चक्कर येऊन पडलेला माणूस लगेच उठून पळायला लागला तर तुला बरं वाटंल? आधी कुणीतरी येऊन बघाया पायजे, का पडला ते."

मला ते पटलं. आजही डिझाइन म्हणून मला ते बरोबरच वाटतं.

त्यांचे यजमान दत्ताभाऊ कात्रजकडच्या एका डेअरीचा टँकर चालवायचे. गप्पिष्ट माणूस. पण मी त्यांचा खरा आवाज कधी ऐकला नाही. माझी ओळख झाली तोवर त्यांच्या आजाराने हातपाय नेले होते, मग जीभही नेली होती. शरीरातले स्नायू एकेक करून निकामी होतात आणि डोकं मात्र लख्ख राहतं, असा तो आजार. डोळे तेवढे हलायचे. त्यांच्या पलंगासमोर जयाक्कांनी कॉम्प्युटर बसवला होता. त्यावरचा कॅमेरा दत्ताभाऊंची नजर कुठल्या अक्षरावर थांबते ते ओळखायचा, शब्द जुळवायचा आणि वाचून दाखवायचा. त्यात मराठी आवाज एकच होता, तोही बाईचा. त्यामुळे दत्ताभाऊ मुलायम बायकी आवाजात म्हणायचे, "मी जेवलो. भाजीत मीठ नव्हतं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले. हसावं की काय करावं कळेना. ते ओळखून त्यांनी सावकाश अक्षरं जुळवली आणि तो आवाज बोलला, "हसा. घरात आता दोन बायका झाल्या. भांडतो मात्र मी एकटाच."

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक मोठं लाल बटण होतं. त्यावर लिहिलं होतं 'ये'. नजर तिथे ठेवली की तो आवाज घरभर "जया, ये, जया, ये" करत राहायचा. दत्ताभाऊंच्या घशात कफ अडकायचा, तो त्यांना खोकून काढता यायचा नाही. मग जयाक्का किंवा सांभाळायला ठेवलेल्या मंदामावशी धावत येऊन विजेवर चालणाऱ्या सक्शन मशीनने तो ओढून काढायच्या. म्हणजे दत्ताभाऊंचा श्वास त्या 'ये'वर होता. आणि कॉम्प्युटर चालत होता आमच्या कंपनीच्या सप्लायवर, जयाक्कांनी स्वतः निवडून, छळून, पास करून घरी आणलेल्या.

त्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. पानं वाढून होत होती. अचानक डोक्यावरचा पंखा वेगळाच आवाज करायला लागला, वेड्यासारखा गरगरायला लागला. स्वयंपाकघरातला दिवा डोळे दिपतील इतका प्रखर झाला आणि फुटला. कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरमधून फटाक्यासारखा आवाज आला आणि धूर निघाला. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी किंचाळलं.

मला काय होतंय ते कळेना. जयाक्कांना मात्र क्षणात कळलं. "न्यूट्रल गेला," त्या म्हणाल्या. इमारतीला विजेच्या तीन तारा येतात आणि त्यांना आवरून धरणारी चौथी, ती न्यूट्रल. ती सुटली की दोनशे तीस व्होल्टच्या घरात साडेतीनशे-चारशे घुसतात आणि दिसेल ते जाळत सुटतात. आदल्या आठवड्यात खालच्या पॅनेलचं काम झालं होतं. तिथला जोड सैल राहिला असणार.

"मावशी, ह्यांच्यापाशी थांबा," त्यांनी ओरडून सांगितलं, माझ्या हातात टॉर्च कोंबली आणि मला ओढतच जिन्याकडे निघाल्या. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी, माणसं बाहेर, धुराचा वास, लहान मुलांचं रडणं. खाली मीटरच्या खोलीत जयाक्कांनी मी धरलेल्या उजेडात मोठा खटका खाली ओढला. अख्खी इमारत एकदम गप्प झाली.

पाठोपाठ माणसं खाली आली. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रिज, कुणाच्या घरातला पडदा पेटता पेटता राहिला. सोसायटीचे सेक्रेटरी खटका वर करायला पुढे आले, जयाक्कांनी त्यांना हाताने अडवलं. "तार नीट होईपर्यंत कुणी हात लावायचा नाय. परत वर केला तर उरलेलं पण जळंल."

लोक त्यांच्याकडे वेगळ्याच आदराने बघत होते. एक आजोबा म्हणाले, "तुम्ही नसतात तर आज इमारत पेटली असती." जयाक्कांचा चेहरा उजळला होता. त्या समजावून सांगायला लागल्या, न्यूट्रल म्हणजे काय, तो गेला की काय होतं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता वर जाऊन बघ मीनल. सगळ्या बिल्डिंगमधे एक आमचा कॉम्प्युटर तेवढा शाबूत असंल. आपला सप्लाय पहिल्या झटक्यालाच बंद झाला असंल, टक् करून, आणि आता कुणी खटका..."

तिथेच त्या थांबल्या.

तो चेहरा मी विसरू शकत नाही. ओठ तसेच उघडे राहिले. डोळे माझ्यावर होते, पण त्या मला बघत नव्हत्या.

"हे बोलणार कसे?" त्या अगदी हळू म्हणाल्या. आणि जिन्याकडे धावल्या.

लिफ्ट बंदच होती, ती त्यांनीच बंद केली होती. मी त्यांच्या निम्म्या वयाची, तरी मागे पडले. मी वर पोचले तेव्हा मंदामावशी पलीकडच्या गॅलरीत उभ्या होत्या. इन्व्हर्टरच्या धुराला घाबरून त्या बाहेर गेल्या होत्या, आणि आतून काही हाकच आली नाही म्हणून बाहेरच राहिल्या होत्या.

दत्ताभाऊंचे ओठ निळे पडले होते. डोळे सताड उघडे आणि काळ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर खिळलेले. तिथे आता काही नव्हतं.

जयाक्कांनी सक्शन मशीनचं बटण दाबलं. मशीन जळलं होतं, आणि नसतं जळलं तरी वीज कुठे होती? त्यांनी दत्ताभाऊंना कुशीवर वळवलं, मशीनची नळी उपसून काढली, एक टोक त्यांच्या घशात सरकवलं आणि दुसरं स्वतःच्या तोंडात धरलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी ओढलं. वळून भांड्यात थुंकल्या. परत ओढलं. परत थुंकल्या. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते आणि पत्ता सांगताना माझी बोबडी वळत होती. मग दत्ताभाऊंच्या छातीतून एक भयंकर आवाज आला, कापड फाटल्यासारखा, आणि छाती हलली.

जयाक्का पलंगाच्या कडेला तोंड पुसत बसल्या.  काळ्या पडद्याकडे बघत होत्या.

दत्ताभाऊ वाचले. इस्पितळातून घरी आले त्या दिवशी मी गेले होते. जयाक्कांनी मागचा खटका दाबला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. त्याला खरोखरच काही झालेलं नव्हतं. दत्ताभाऊंनी बराच वेळ अक्षरं जुळवली. मग तो बाईचा आवाज म्हणाला, "जया, तुझ्या टेस्टमधे मी पास का नापास?"

ते थट्टा करत होते. डोळे हसत होते त्यांचे. जयाक्का उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून फक्त नळाचा आवाज येत होता.

कामावर परत आल्या त्या दिवशी त्यांनी तयार मालाच्या सगळ्या खोक्यांवर 'नापास'चे शिक्के मारले. साहेब स्वतः शेडमध्ये आले.

"काय बिघडलंय यांचं?"

"काहीच नाही. ठरल्याप्रमाणे बंद पडतात."

"मग नापास कशात?"

"गुपचूप बंद पडतात, साहेब. आपण मशीन वाचवलं. मशीनच्या पुढं कोण बसलंय ते कुणी बघितलंच नाय. मी पण नाय."

साहेब नेहमीसारखं काही लागट बोलतील असं आम्हाला वाटलं. पण ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जयाक्का, ऑफिसात बसणाऱ्या माणसाला ओरडणारा डबा नको असतो. वीज गेली हे त्याला दिसतं. मी हे बाजारात विकू शकणार नाही." त्यांचंही चुकत नव्हतं. दुपारी जयाक्कांनी स्वतःच शिक्के खोडले.

पण त्या शनिवारी त्या बुधवार पेठेतून इलेक्ट्रॉनिकचं सामान घेऊन आल्या आणि घरीच एक डबी बनवली. अगदी साधी. कॉम्प्युटरला वीज मिळते तोवर आतली एक पट्टी ओढून धरलेली. वीज कुठल्याही कारणाने गेली की पट्टी सुटते आणि साध्या सेलवर भोंगा वाजायला लागतो, माणूस येऊन बंद करीपर्यंत. दत्ताभाऊंनी पहिल्यांदा ऐकून अभिप्राय दिला, "म्हैस अडल्यासारखी ओरडते." तरी ती त्यांच्या उशाशी राहिली. इस्पितळातून त्याच आजाराच्या दुसऱ्या घरांचे पत्ते कळले, तशा आणखी डब्या झाल्या. एका घरी चिंचवडला, एका घरी हडपसरला.

त्याच वर्षीच्या थंडीत दत्ताभाऊ गेले. पहाटे, झोपेत. कळताच मी गेले. कॉम्प्युटर चालू होता, नवा इन्व्हर्टर चालू होता, सक्शन मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता. डबी वाजली नव्हती, कारण वीज कुठेच गेली नव्हती. जयाक्का मला म्हणाल्या, "सगळं चालू हाय बघ." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. हे असंही होऊ शकतं, हे त्यांच्या कुठल्याच टेबलावर त्यांनी तपासलेलं नव्हतं.

मला वाटलं, आता डब्या थांबतील. थांबल्या नाहीत. त्यांनी नोकरी सोडली तरी डब्या सुरूच राहिल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कात्रजला, एका अनोळखी घरात. पुढच्याच महिन्यात मी दुसऱ्या नोकरीसाठी पुणं सोडलं आणि जयाक्का आपल्या लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या. त्या दिवशी त्यांना सोडायला म्हणून मी गाडी काढली होती. तिथे एक तरुण मुलगी होती, कॉलेजात शिकवणारी. तिचेही आता डोळेच उरले होते. आई, भाऊ, वहिनी सगळे भोवती. जयाक्कांनी डबी लावली, सगळ्यांना नीट समजावलं, चहा घेतला. मग इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू झाल्या. आई पोळ्या लाटायला आत गेली, भाऊ फोनवर बोलत गॅलरीत गेला, वहिनी कपडे वाळत घालायला. खोलीत ती मुलगी आणि आम्ही दोघीच उरलो.

जयाक्कांनी पलंगाजवळ जाऊन त्या मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलीने पापण्या मिटून उघडल्या. मग त्या दाराशी गेल्या, वरच्या पेटीला पालथा हात लावला आणि कुणालाही न सांगता घराचा मेन खटका खाली ओढला.

पडदा काळा झाला. डबी ओरडायला लागली.  आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई पिठाच्या हातांनी धावत आली, पाठोपाठ वहिनी, हातात ओलं कापड तसंच, आणि भाऊ, कानाला लावलेल्या फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करतंय असा. तिघेही पलंगाशी येऊन थडकले. आईने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालांना पीठ लागलं.

"काय झालं? काय झालं हिला?"

"काही नाही झालं," जयाक्का म्हणाल्या. "खटका मी पाडला."

आई त्यांच्याकडे बघत राहिली.  

"बाई, असं सांगून तरी करायचं."

"सांगून केलं असतं तर तुम्ही चालत आला असता," जयाक्का म्हणाल्या. त्यांनी खटका वर केला, डबी बंद केली आणि पलंगावरच्या मुलीकडे वळून बघितलं. मुलगी हसत होती.

"आले तिघं," जयाक्का तिला म्हणाल्या, आणि दारात काढलेल्या सपाता पायांनी चाचपडत शोधायला लागल्या.